अंदमानची हिंदी आणि बाकीच्या भाषा: एका प्रतिक्रियेला उत्तर

अंदमानच्या भाषांवरील माझ्या लेखावर आपण दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत. पोर्ट ब्लेअरपासून दिगलीपूरपर्यंत सगळेच हिंदी बोलत असताना बंगाली, तमिळ, निकोबारी अशी वेगळी मांडणी कशाला, हा पहिला. आणि अंदमानच्या मूळ रहिवासी ग्रेट अंदमानी समाजाच्या, एका वृद्धेबरोबर संपलेल्या ‘बो’ भाषेला मी नको तितकी जागा दिली, हा दुसरा.

आपण जे ऐकले ते खरेच आहे. तथापि २०११च्या जनगणनेत तेथे मातृभाषा म्हणून बंगाली सुमारे २८ टक्के, हिंदी १९, तमिळ १५ आणि तेलुगू १३ टक्के लोकांची आहे. १८५८ साली कैद्यांची वसाहत सुरू झाली, नाना प्रांतांतली माणसे एकत्र आली आणि त्यांच्यात हिंदुस्तानी हीच व्यवहाराची भाषा ठरली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना जमिनी मिळाल्या, १९२५ साली ब्रह्मदेशातून आलेले करेन लोक मायाबंदरजवळ वसले, जंगलतोडीसाठी आणलेल्या रांचीकडच्या मजुरांबरोबर त्यांची सादरी भाषा आली. ही सारी मंडळी बाजारात हिंदी बोलतात आणि घरी आपापली भाषा. कार निकोबार बेटावर चर्चमधली प्रार्थना आजही रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या निकोबारीत होते, आणि त्या भाषेचे नाते हिंदीशी नव्हे, कंबोडियातल्या ख्मेरसारख्या आग्नेय आशियाई भाषांशी आहे.

आता ‘बो’विषयी. या भाषेच्या अखेरच्या भाषक बोआ सीनियर जानेवारी २०१०मध्ये वारल्या. आपली भाषा समजणारे कोणीच उरले नसल्याने शेवटची अनेक वर्षे त्यांना इतरांशी अंदमानी हिंदीतच बोलावे लागे. म्हणजे आपण ज्या हिंदीचा दाखला देता, तीच बोलणाऱ्या त्याही होत्या, आणि केवळ ती ऐकून त्यांच्या भाषेचा सुगावा कोणालाच लागला नसता. हिंदीने ‘बो’ला मारले, असे मात्र मी म्हटलेले नाही. १८७७ची गोवराची साथ आणि वसाहतीबरोबर आलेला उपदंश यांनी ग्रेट अंदमानी माणसेच नाहीशी केली; एके काळी हजारोंनी असलेला हा समाज १९६१च्या जनगणनेत अवघ्या १९ जणांचा उरला होता. ‘बो’ ज्यात मोडते त्या ग्रेट अंदमानी भाषाकुलात ‘माझे’ म्हणताना तोंडासाठी एक उपसर्ग लागतो, बोटांसाठी दुसरा, पोटातल्या अवयवांसाठी आणखी वेगळा. अशी व्याकरणरचना जगात विरळाच आढळते, म्हणून तो परिच्छेद मी आहे तसाच ठेवत आहे.