पहिला हायवा घेणाऱ्या मालकास हिताच्या चार गोष्टी

कोळसा खाणीत गेलेल्या साडेचार एकरांचा मोबदला अखेर खात्यावर जमा झाला, त्यातून घरावर स्लॅब पडला, मुलीचे लग्न उरकले आणि उरलेल्या रकमेतून डाउन पेमेंट भरून तुम्ही दहा चाकी टिप्पर अंगणात आणून उभा केला, याबद्दल सर्वप्रथम तुमचे अभिनंदन. वणी-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात टिप्पर कोणत्याही कंपनीचा असो, लोक त्याला हायवाच म्हणतात; तेव्हा आजपासून तुम्ही हायवावाले झालात. कालपर्यंत पानठेल्यावर तुम्हाला 'काहून गा' म्हणून हाक मारणारे उद्यापासून 'शेठ, बसा जी' म्हणतील. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेस येईल आणि तो कोणालाही जी म्हणणार नाही. तो वेळेवर भरता यावा यासाठी जड वाहनांच्या नियमांशी कसे वागावे, हे तुम्हाला कोणीतरी सांगणे भाग आहे. गाडी विकणाऱ्याने चावीबरोबर नारळ आणि पेढे दिले असतील, पण ही विद्या दिली नसणार.

नियमांना घाबरण्याचे काहीच कारण नाही. आपल्याकडचे नियम उत्तम आहेत, आणि उत्तम वस्तू लग्नातल्या शालूसारखी पेटीत जपून ठेवायची असते. ती रोज अंगावर घालून झिजवायची नसते.

प्रथम चालकाचे पाहू. 1988 चा मोटार वाहन कायदा सांगतो की मालवाहू गाडी चालवणाऱ्याचे वय किमान 20 वर्षे असावे आणि हलक्या वाहनाचे लायसन्स हाती येऊन एक वर्ष उलटल्याशिवाय त्याला अशा गाडीचे शिकाऊ लायसन्ससुद्धा देऊ नये. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी जड वाहनाचा अभ्यासक्रम 38 तासांचा आणि सहा आठवड्यांचा ठरवलेला आहे. आपला अभ्यासक्रम याहून पुष्कळ मोठा असतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून सुरू होतो. खाणीच्या फाटकापुढे गाड्यांची लाइन लागलेली असते, ड्रायव्हर चहाला उतरतो, आणि लाइन सरकली की पोरगा स्टिअरिंगवर बसून गाडी हातभर पुढे घेतो. असा हातभर हातभर सरकत तो दोन पावसाळ्यांत वजनकाट्यापर्यंत आणि तिसऱ्या पावसाळ्यात थेट हैदराबादपर्यंत पोहोचतो. अल्पवयीनाच्या हाती गाडी सापडली तर मालकास 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने केली आहे. परंतु हे आपल्या नकळत घडले असे मालकाने सिद्ध केले तर तो सुटतो, अशी सोयही त्याच कलमात आहे. म्हणून पोराला वय कधीही विचारू नये. आधार कार्ड पाहिले की माणसाचे वय उगाचच कमी होते.

शिक्षणाची चिंताही करू नये. पूर्वी व्यावसायिक चालक आठवी पास असावा अशी अट होती आणि ती पूर्ण करण्यासाठी पुष्कळांनी, ज्या शाळेचे फाटकही पाहिले नाही, त्या शाळेचा दाखला भक्तिभावाने जपून ठेवला होता. 2019 मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या पोटावर पाय येऊ नये, हा त्यामागचा विचार चांगलाच होता; फक्त वळणावरची इंग्रजी पाटी त्याने कशी वाचावी, याचा विचार पाटी रंगवणाऱ्यावर सोपवला गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी असा निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. तुमच्या गाडीचे मंजूर वजन 28,500 किलो आहे. गावातल्या चर्चेत 'मोठ्या कोर्टानं सांगतलं, कारचं लायसन चालते' एवढेच शिल्लक राहिलेले असल्यामुळे किलोचा मुद्दा तुम्ही उकरून काढण्याची गरज नाही.

आता वैद्यकीय दाखला. व्यावसायिक लायसन्ससाठी नमुना 1-अ लागतो आणि त्यात डॉक्टरला एक फार सुंदर प्रश्न विचारलेला असतो: लखलखीत उजेडात 25 मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट अर्जदाराला ओळखता येते काय? ज्या डॉक्टरकडे एजंट तुमच्या माणसाचे कागद पाठवतो त्याचा दवाखाना दहा बाय बाराचा असतो. तेथून 25 मीटर मोजले तर रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीत जावे लागेल, आणि तेवढ्यासाठी माणसाला उन्हात पाठवणे बरे दिसत नाही. म्हणून फक्त कागद जातो, चालक जात नाही. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला एकदा सांगितले होते, "समोरची गाडी दिसते जी, तिचे लाइट दोन दिसतात का चार दिसतात, एवढाच घोर असते." त्याचे लायसन्स पाच वर्षांसाठी नूतनीकरण होऊन आले होते. पूर्वी ही मुदत तीनच वर्षांची होती. मोतीबिंदूला आता पिकायला पुरेसा अवधी मिळतो.

सगळ्यात रसाळ विषय म्हणजे वजन. दहा चाकी गाडीचे मालासह मंजूर वजन पूर्वी 25 टन होते. जुलै 2018 मध्ये केंद्राने ते 28.5 टन केले. साडेतीन टनांचा ओव्हरलोड त्या दिवशी कायदेशीर झाला, आणि दुसऱ्या दिवशी आपण गाडीच्या बाजूंना आणखी एकेक फळी ठोकली, कारण ओव्हरलोड ही मनुष्याची गरज आहे आणि ती सरकारच्या आकड्यांबरोबर पुढे सरकते. यात तुमचा दोष कसा म्हणावा? भाडे टनावर मिळते. हप्ता, विमा, टायर, टोल आणि चालकाचा भत्ता हे टन पाहत नाहीत. ठेकेदाराचा दर मात्र असा बांधलेला असतो की मंजूर वजनात फेरी केली तर डिझेल निघते आणि हप्ता राहतो. जो वरचे चार-पाच टन भरत नाही त्याची गाडी लाइनीत मागे पडते आणि 'शेठ, तुमच्याच्यानं धंदा होत नाही' असे ऐकावे लागते. कायद्यात यासाठी 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये सांगितलेले आहेत, शिवाय जादा माल स्वखर्चाने उतरवून घेतल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, असेही म्हटले आहे. गाडी वजन करायला थांबवलीच नाही तर 40,000 रुपये. हे आकडे पाठ करावेत, कारण रात्री रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना खालचा आकडा काय असावा हे ठरवायला वरचा आकडा माहीत असावा लागतो.

जादा टनांचे पुढे काय होते, हा प्रश्न अभ्यासू माणसे विचारतात. काही टन रस्त्यात उतरतात, म्हणजे डांबर खाली बसून चाकाच्या रुंदीच्या दोन नाल्या पडतात. काही टन ब्रेकवर बसतात, विशेषतः तुमचा चालक दोन लिटर डिझेल वाचवून तुम्हाला खूश करण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करतो तेव्हा. उरलेले खड्ड्यागणिक वरून सांडतात, ते मागून येणारा दुचाकीवाला डोळ्यांत घेतो, आणि जो भुगा राहतो तो दोन्ही बाजूंच्या कापसावर बसतो. ताडपत्री बांधायचा नियम आहे आणि ती कॅबिनवर गुंडाळून ठेवलेलीही असते. ड्रायव्हर तिच्यावर झोपतो. तुमची उरलेली दोन एकरे याच रस्त्याला लागून आहेत, हे मला माहीत आहे. यंदा बोंडे काळवंडली म्हणून व्यापाऱ्याने भाव पाडला तर त्याच्याशी भांडू नका. तुमच्याच कोळशाचा दर तो तुमच्याच कापसात मोजतो आहे.

कामाच्या तासांबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण येथे तुम्ही शेतकरी असण्याची अडचण आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम ठरवून दिले, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यायला सांगितली. तुम्ही म्हणाल की तो कायदा पाच-पाच माणसे कामावर ठेवणाऱ्या मोठ्यांसाठी होता, माझी तर एकच गाडी. परंतु 1988 च्या कायद्याच्या 91 व्या कलमाने हेच तास मालवाहू गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला लावून टाकले आणि ती फट बुजवली. तेव्हा फट शोधण्याऐवजी तास न मोजणे हाच मार्ग उरतो. चालकाचे फेरीवर ठरवा, महिन्यावर ठरवू नका. फेरीमागे पैसे मिळू लागले की माणूस आपली झोप आपणच विकतो आणि विकत घेतल्याचा ठपका तुमच्यावर येत नाही.

अडचण अशी आहे की तुम्ही बैल पाळलेले आहेत. वैशाखात दहा वाजले की तुम्ही वखर सोडायचात, बैलांना बाभळीखाली बांधायचात, पाणी पाजल्याशिवाय स्वतः तांब्या तोंडाला लावायचा नाहीत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे खांदे हळद-तुपाने चोळून 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणायचात, आणि त्या दिवशी खांद्यावर जू ठेवणे हे पाप आहे, हे तुम्हाला कोणत्याही कलमाने शिकवले नव्हते. ही सवय गाडीच्या धंद्यात फार नडते. चालकाचा खांदा कोण चोळतो? दसऱ्याला हार गाडीला घालतात आणि लिंबू चाकाखाली ठेवतात. ज्याच्या पायाने ते लिंबू चिरडले जाते तो त्याच रात्री मुकुटबनच्या लाइनीत असतो. तुम्हाला जुनी सवय सतावू लागली, तर मनाला एवढेच सांगावे की बैल आपला होता आणि ड्रायव्हर रोजाचा आहे.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 47 च्या पुढे जातो तेव्हा इंजिनावरच्या कॅबिनमध्ये किती असतो, हे कोणी नोंदवत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांच्या कॅबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. तुमची गाडी त्याआधीची, सेकंडहँड, म्हणजे तुम्ही वेळेत सुटलात. चालकाला एक ओला दुपट्टा आणि खिशात ठेवायला एक कांदा द्यावा. कांद्याचा खर्च भत्त्यातून कापू नये, तेवढी माणुसकी असावी.

बाकी किरकोळ आहे. गाडी आठ वर्षांच्या आतली असेल तर पासिंग दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. त्या दिवसापुरते शेजारच्या गाडीचे टायर मागून आणावेत आणि परत करताना पेढा द्यावा. पुढे पांढरे, बाजूला पिवळे आणि मागे लाल रेडियम लावावे लागते, तेही पासिंगपूर्वी, आणि नंतर त्यावर चिखल बसला तर तो पुसू नये. वेगनियंत्रकही बांधलेला असतो. त्याची वायर कोणती, हे तुमच्या सोळा वर्षांच्या क्लीनरला ठाऊक आहे.

गाडी रस्त्यात बंद पडल्यास मागे लाल त्रिकोण ठेवण्याची सूचना आहे. आपल्याकडे पळसाची फांदी मोडून टाकतात आणि चाकांना दगड लावतात. गाडी दुरुस्त झाली की दगड तेथेच ठेवून निघून जायचे असते. ही परंपरा का आहे, हे मी अनेकांना विचारले. प्रत्येकाने सांगितले की दुसऱ्या कोणाच्या कामी येतो. अंधारात दुचाकीवरून येणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी तो नक्कीच कामी येतो.

शेवटी तो दिवस, ज्याचे नाव धंद्यात कोणी घेत नाही. 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. कधीतरी रात्री तुमचाही फोन वाजेल. कायदा चालकाला सांगतो की जखमीला दवाखान्यात पोहोचवण्याची तजवीज कर, मात्र जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे जमाव लवकर गोळा होतो आणि आपले ड्रायव्हर बहुतेक वेळा तुरीत सापडतात, कारण डिसेंबरात तूर पुरुषभर उंच असते. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणारे भारतीय न्याय संहितेतले पोटकलम आले तेव्हा जानेवारी 2024 मध्ये चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ते पोटकलम वगळून बाकीची संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. त्या दिवसांत सगळ्या देशाला ड्रायव्हर नावाचा माणूस असतो हे कळले होते. नंतर डिझेल मिळू लागले.

त्या रात्री तुम्ही तूर धुंडाळत बसू नका. कपाट उघडा आणि लायसन्सची झेरॉक्स बाहेर काढा. चालकाकडे लायसन्स नव्हते असे निघाले तर विमा कंपनी मेलेल्याच्या घरच्यांना आधी पैसे देते आणि मग ते तुमच्याकडून वसूल करू शकते. परंतु मालकाने कामावर ठेवताना लायसन्स पाहिले होते आणि ते खरे वाटले होते, एवढे दाखवता आले तर बहुधा निभावते. म्हणून झेरॉक्स रंगीत असावी, तिच्यावर त्याची सही असावी आणि तारीख कामावर ठेवल्याच्या दिवसाची असावी. ठाण्यात जे कागद होतील त्यात पहिले नाव चालकाचे लिहिले जाते. तुमचे नाव खाली, 'वाहनमालक' या शब्दापुढे येते आणि त्या रकान्यात फारशी जागाही नसते.

सकाळी गाडी सोडवायला जाण्याआधी अंगणातल्या ओट्याकडे पाहा. तुरीत गेलेल्याच्या गावचा एक पोरगा तेथे पहाटेपासून पायरीला टेकून बसलेला असेल, कारण अशी जागा रिकामी झाली की बातमी दुधाच्या गाडीबरोबर पोहोचते. त्याला आधी चहा द्या. मग रात्रीची फेरी जमेल का, तेवढे विचारा. तो "हाव जी, मालक" म्हणेल. झेरॉक्सचे दुकान नऊला उघडते.