कासवाचे डोळे सुजले तर समुद्राच्या पाण्यात ठेवू नका

दोन दिवस आपल्या रत्नागिरी-गुहागरकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की पाळलेल्या कासवाचे डोळे सुजले तर त्याला तासभर समुद्राच्या पाण्यात सोडा, समुद्रातली कासवं खाऱ्या पाण्यातच राहतात ना. हे चुकीचं आहे, आणि घाईत मीपण पुढे ढकललं होतं, त्याबद्दल माफ करा.

वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ती ऑलिव्ह रिडली, म्हणजे समुद्री कासवीण, तिच्या डोळ्यांजवळ जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणून तर अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसतं. आपल्या टाकीतलं डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं स्लायडर मूळचं अमेरिकेतलं, गोड्या पाण्यातलं, त्याला ही सोयच नाही.

आमच्या कासवाच्या पापण्या वाटाण्यासारख्या फुगल्या होत्या, डोळे मिटलेले, समोर तुकडा धरला तरी तोंड उघडेना, कारण बिचाऱ्याला दिसतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले आम्ही रोज नुसता सुका जवळा घालत होतो त्यामुळे व्हिटॅमिन ए कमी पडलं, त्यात टाकीचं पाणी घाण. मग गोळ्यांचे तुकडे घालत बसू नका हां, व्हिटॅमिन ए जास्त झालं तर त्वचा सोलवटते, आणि घरातले स्टेरॉइडवाले ड्रॉप तर अजिबात नको, बुबुळाला जखम असेल तर ती चिघळते. पाणी बदला आणि प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हे टाका.