एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: तो मेसेज माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होता

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. एकदा रागात, एकदा रजिस्टर समोर घेऊन. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जानेवारीत केरळला जायचं होतं, सहा तिकिटं, विमानाची वेळ बदलल्याचं आम्ही ऐन वेळी कळवलं, सहल गेली, एजंटने, म्हणजे मी, लाखभर रुपये खाल्ले, सुप्रीम कोर्टाने पंधरा दिवसांत पैसे द्यायला सांगूनही चार महिने टाळाटाळ केली, आणि काउंटरवरच्या मुलीने फोन आपटला. यातलं काही खरं आहे, काही नाही. जे खरं आहे तिथून सुरुवात करते.

८ जानेवारी २०२२, शनिवार. सकाळी ७.१० चं नागपूर–मुंबई आणि मुंबईहून दुपारी १२.२० चं कोची. मधे साडेतीन तास. ओमायक्रॉनमुळे त्या आठवड्यात लोक धडाधड तिकिटं रद्द करत होते, कंपन्यांचे कर्मचारीही आजारी पडत होते, त्यामुळे अर्धी रिकामी विमानं एकात एक घालणं सुरू होतं. तुमचं सकाळचं विमान रद्द करून कंपनीने तुम्हाला दुपारी २.३५ च्या विमानात टाकलं. म्हणजे मुंबईत उतरेपर्यंत कोचीचं विमान उडून चार तास झालेले असते.

हा मेसेज कंपनीने गुरुवारी, ६ तारखेला रात्री १०.२० ला पाठवला. पण तो तुमच्या मोबाईलवर आला नाही, आमच्या ऑफिसच्या मोबाईलवर आला. बुकिंग करताना प्रवाशाच्या नंबरच्या जागी एजंटने स्वतःचा नंबर टाकायचा ही आमच्या धंद्यातली जुनी सवय. कारण काय तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट कंपनीकडे जाऊ नये. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं कारण तेच आहे. तो मोबाईल सांभाळणारा आमचा मुलगा मंगळवारपासून तापाने घरी होता आणि मोबाईल काउंटरच्या ड्रॉवरमध्ये चार्जरला लावून ठेवलेला. मी शुक्रवारी अकराला ड्रॉवर उघडला, सव्वाअकराला तुम्हाला फोन केला. मधले तेरा तास माझ्या चुकीने गेले.

त्या तेरा तासांत काय झालं असतं? शुक्रवारी संध्याकाळच्या मुंबईच्या विमानात कंपनी तुम्हाला फुकट बदलून देत होती, पण मी विचारलं तेव्हा दोनच सीट उरल्या होत्या. आदल्या रात्री किती होत्या हे मला माहीत नाही. पण विचारण्याचा हक्क तुमचा होता आणि तो माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. दुरांतो बघितली, एसीचा तत्काळ कोटा आदल्या दिवशी सकाळी दहालाच उघडून संपला होता. नवीन तिकिटं काढायची तर त्या वेळी बुकिंगपासून पंधरा दिवसांच्या आतल्या प्रवासाला सरकारची भाड्याची मर्यादा लागू होती. वरचीही आणि खालचीही. विमानं रिकामी असली तरी तिकीट ठरलेल्या रकमेच्या खाली विकता येत नव्हतं. तुम्ही नोव्हेंबरमध्ये काढलं त्या भावात ते मिळणं शक्यच नव्हतं.

दुसरी चूकही माझीच. जाताना मुंबईपर्यंत एक कंपनी, पुढे दुसरी, म्हणजे दोन वेगळे पीएनआर, दोन वेगळी बुकिंगं. एकाच पीएनआरवर हैदराबादमार्गे पर्याय होता, माणशी ११५० रुपये जास्त आणि मधे सहा तास बसून राहायचं. आपण स्वस्त घेतलं. एका पीएनआरवर पहिलं विमान चुकलं तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची असते. दोन असले की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. हे मी तुम्हाला बोलता बोलता सांगितलं होतं, पण कागदावर लिहून दिलं नव्हतं. महामारीच्या काळात सहा जणांचं, त्यात ज्येष्ठ मंडळी, असं तिकीट मी विकायलाच नको होतं.

आता पैशांचं. एकूण १,०२,९०० रुपये. नागपूर–मुंबई २४,६००, मुंबई–कोची २९,१००, परतीचे ४९,२००.

पहिल्या कंपनीने स्वतः विमान रद्द केलं, म्हणून २४,६०० पूर्ण परत. दुसरीचं विमान वेळेवर उडालं, ते आपण शुक्रवारी दुपारी रद्द केलं, माणशी ३५०० रुपये कापून ८१०० मिळाले. हे पैसे तुमच्या खात्यात थेट येत नाहीत. कंपनी ते एजंटच्या पोर्टलवरच्या वॉलेटमध्ये टाकते आणि आम्ही तिथून काढून देतो. उशीर होण्याच्या या दोन जागा आहेत आणि लोकांचा संशय दुसऱ्या जागेवर असतो, तो रास्तही आहे. आमच्या वॉलेटमध्ये शेवटची रक्कम शनिवारी १९ फेब्रुवारीला आली, सोमवारी २१ तारखेला ३२,७०० रुपये एनईएफटीने गेले. ज्या खात्यातून आले होते त्याच खात्यात. ते खातं तुमच्या नावाचं नाही एवढंच इथे लिहिते. घरी एकदा विचारून घ्या.

परतीच्या ४९,२०० बद्दल तुम्ही लिहिलंय की मी 'थांबा, थांबा' म्हणत वेळ काढला. मी थांबा म्हटलं होतं हे खरं आहे. तुम्ही शुक्रवारी फोनवर म्हणालात, सगळं रद्द करून टाका. मी म्हटलं, परतीचं आज करू नका. आपण केलं तर कापून मिळेल, कंपनीने केलं तर पूर्ण. त्या दिवसांत कोणतं विमान उडेल याचा भरवसा नव्हता. झालंही तसंच, १४ तारखेचं मुंबई–नागपूर कंपनीने ११ तारखेला स्वतःच रद्द केलं. माझं न ऐकता त्या दिवशी रद्द केलं असतं तर वीसेक हजार तिथेच गेले असते. या एका मुद्द्यावर मी माफी मागणार नाही.

अडचण पुढे आली. कंपनीने पैसे परत न देता परस्पर क्रेडिट शेलमध्ये टाकले, म्हणजे वर्षभरात आमच्याच विमानाने फिरा. हे नियमात बसत नाही. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, रिफंडचा नियम स्पष्ट आहे, पैसे शेलमध्ये ठेवायचे की परत घ्यायचे हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने आपोआप करायचं नाही. तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी रिफंडची जबाबदारी कंपनीवरच, कारण एजंट हा त्यांचाच प्रतिनिधी. मी पाच ईमेल केले. उत्तर प्रत्येक वेळी तेच येतं, फक्त खालचं नाव बदलतं.

सुप्रीम कोर्टाबद्दल. तो निकाल १ ऑक्टोबर २०२० चा आहे. २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात देशातली विमानं बंद होती, तेव्हाच्या तिकिटांसाठी तो होता. पंधरा दिवसांत परतावा, किंवा ३१ मार्च २०२१ पर्यंतचं शेल आणि त्यावर दरमहा थोडी वाढ, असं त्यात होतं. त्या निकालावर मी स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांचे पैसे सोडवले. पण तुमचं तिकीट नोव्हेंबर २०२१ चं. त्याला तो निकाल लागत नाही, साधा रिफंडचा नियमच लागतो. तो पुरेसा आहे, फक्त भांडावं लागतं.

तुम्ही मागितलेली दहा हजारांची भरपाईही बसत नाही. चोवीस तासांपेक्षा कमी वेळ राहिला असताना विमान रद्द केल्याचं कळवलं, किंवा एकाच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं, तर ती मिळते. एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७५०० किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. मेसेज गुरुवारी रात्री आला, विमान शनिवारी सकाळी, म्हणजे तेहतीस तास आधी. आणि त्याच नियमात असंही आहे की बुकिंगमध्ये प्रवाशाने संपर्काची नीट माहिती दिली नसेल तर भरपाई नाही. वाचून पुन्हा माझा तो ड्रॉवर आठवला.

तारीख फुकट बदलून देण्याची जी सवलत तुम्ही पेपरात वाचली, ती एका कंपनीने ९ तारखेला जाहीर केली. तुमची तिकिटं त्या कंपनीची नव्हती, आणि आपण ७ तारखेला रद्द करून बसलो होतो. त्या दोन वर्षांत नियम असेच रातोरात यायचे. जुलै २०२० मध्ये कोलकात्याला सहा शहरांची विमानं बंद झाली, त्यात दिल्ली-मुंबईच्या रांगेत आपलं नागपूरही होतं. एरवी एवढा मान कुठे मिळतो आपल्याला.

फोनबद्दल मी मुलीला विचारलं. तिने आपटला नाही, पण तुम्ही बोलत असताना ठेवला, हे ती कबूल करते. त्या दिवशी ऑफिसात ती एकटी होती आणि सकाळपासून प्रत्येक फोनवर शिव्या ऐकत होती. तरी ठेवायला नको होता, तिच्या वतीने माफी मागते. एक विनंती आहे, रिव्ह्यूमध्ये तुम्ही तिचं नाव आणि आडनाव लिहिलंय, ते काढा. त्या जागी माझं लिहा, दुकानाच्या पाटीवर आहेच. स्टार एकच राहू द्या.

तुमचे बाबा नोव्हेंबरमध्ये स्वतः काउंटरवर आले होते. आधारच्या सहा झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. पहिल्यांदाच विमानात बसणार होते. जाताना दारातून परत आले आणि म्हणाले, "ताई, खिडकीचीच देजा." मी दिली होती, १४ ए. शुक्रवारी सकाळी तुम्हाला फोन लावताना स्क्रीनवर तेच दिसत होतं.

कोचीच्या तिकिटांचे कापले गेलेले २१,००० आणि आमचा सर्व्हिस चार्ज माणशी ३०० प्रमाणे १,८००, असा २२,८०० चा चेक मी काढून ठेवला आहे. मेहरबानी म्हणून नाही, तेरा तास माझे होते म्हणून. जानेवारीपासून आमच्याकडे प्रत्येक बुकिंगवर प्रवाशाचाच नंबर आणि ईमेल जातो, आणि दोन पीएनआर असतील तर ते कागदावर लिहून खाली सही घेतो. एका गिऱ्हाइकाने ते वाचून तिकीट घेतलंच नाही, स्टेशनवर जाऊन रिझर्वेशन केलं.

राहिले ४९,२००. एअरसेवा या विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर टाकायची तक्रार मी लिहून ठेवली आहे, रद्द केल्याचा मेसेज आणि पाचही ईमेल सोबत जोडले आहेत. ती तुमच्या नावाने गेलेली बरी, एजंटच्या तक्रारीला फारसं कोणी विचारत नाही. चेक न्यायला याल तेव्हा दहा मिनिटं जास्त काढून या, समोर बसून पाठवू.