मुक्तीसोहळा

लेकीच्या सातवीच्या वर्गाला एक कादंबरी लावली आहे, तेव्हापासून न्यू जर्सीतल्या आमच्या घरात भुकेने मरायची सोय राहिलेली नाही. परवा ऑफिसातून आलो आणि बूट काढता काढता म्हणालो, "भुकेने जीव चाललाय." लेक सोफ्यावरून न उठता म्हणाली, "बाबा, अचूक भाषा. तुला फक्त भूक लागली आहे."

हे सगळं लॉइस लोरीबाईंमुळे. त्यांनी १९९३ साली 'द गिव्हर' लिहिली, पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी पदक, म्हणजे बालसाहित्याचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळालं, आणि आता ती आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. कादंबरीचा नायक जोनास, त्यालाही लहानपणी असंच दटावलेलं असतं. पण तो निमूट ऐकतो. मराठी माणसाने काय करावं? आमचं डोकं फिरतं, जीव खाल्ला जातो, कंबर मोडते, आणि हे सगळं मंगळवारी संध्याकाळपर्यंत.

त्यात नाशिकहून आई आलेली, सहा महिन्यांसाठी. तिचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपतं. लेकीचं मराठी स्वयंपाकघराबाहेर पडत नाही. आणि लेकीला ही गोष्ट आजीला सांगायचीच होती. मग दुभाषी कोण? रोज रात्री जेवणं झाली की माझी पाळी सुरू.

लेक भेदरलेल्या आवाजात कादंबरीतल्या गावाचं वर्णन करायची आणि मी भाषांतर करायचो. जेवण तयार होऊन घरी येतं, उरलेलं दाराशी ठेवलं की माणसं घेऊन जातात. आईने हातातलं निवडणं थांबवलं. "रोज?" रोज. लग्न कुणाचं कुणाशी ते वडीलधाऱ्यांची समिती ठरवते. "बरोबर आहे." दोनच मुलं, एक मुलगा एक मुलगी. "आपल्याकडे लाल त्रिकोणावर होतं तसं." बारा वर्षांचं झालं की कोणी काय काम करायचं ते भर सभेत जाहीर. "म्हणजे क्लासच्या फिया वाचल्या."

"आजी काय म्हणते?" लेकीने विचारलं.

"आजीला आवडलं," मी म्हणालो. अगदी अचूक होतं.

पहिली शंका आईला रंगांवरून आली. त्या गावात कुणाला रंगच दिसत नाहीत म्हटल्यावर ती जरा विचारात पडली. "मग साडी घेताना काय बघतात?"

खरा घोटाळा मात्र मीच केला. त्या गावात म्हाताऱ्यांना, नियम मोडणाऱ्यांना, वजन न भरणाऱ्या तान्ह्यांना 'रिलीज' करतात. मी आपलं सांगितलं, "मुक्त करतात." म्हाताऱ्यांचा तर सोहळा होतो. त्यांची जीवनकहाणी वाचतात, सगळे निरोप देतात, मग ते वाकून नमस्कार करतात आणि एका खास दारातून जातात. आईच्या डोळ्यांत पाणी. "किती छान! आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात शाल-श्रीफळ देतात आणि दुसऱ्या दिवसापासून ओळख देत नाहीत." पुढचं पान लेकीने वाचलेलं नव्हतं, मी तर पुस्तकच वाचलेलं नव्हतं.

चार दिवसांनी लेक लाल डोळ्यांनी खाली आली. जुळी बाळं होती. एकाचं वजन कमी. जोनासच्या वडिलांनीच त्याच्या कपाळात सुई खुपसली आणि लाडाने टाटा केला. आई माझ्याकडे बघत होती. एरवी ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं अडकलो तरी माझा जीव जातो, पण इथे एकेक शब्द आठवायला लागला तर नुसते देवाज्ञा, निवर्तणे, कैलासवासी. शेवटी म्हणालो, "आई, ते मारतात."

बराच वेळ कोणी बोललं नाही.

"म्हाताऱ्यांनापण?"

"हो."

"शाल देऊन?"

"शाल नव्हती. पण हो."

त्या क्षणापासून आई लेकीच्याही पुढे गेली. जोनासच्या घरी आणलेलं गेब्रियल नावाचं बाळही आता मुक्त होणार म्हटल्यावर तिने फर्मावलं, "त्याला घेऊन पळ म्हणावं." जोनासने ऐकलं, वडिलांची सायकल काढून पळाला. "बाळासाठी काही घेतलं का बरोबर?" लोकांच्या दारात ठेवलेलं उरलंसुरलं घेतलं होतं. "शिळं? तान्ह्याला?" घरपोच डब्याबद्दल तिचं मत त्या रात्री कायमचं फिरलं.

आणि शेवट! बर्फातली टेकडी, घसरगाडी, खाली दिवे दिसल्यासारखे, गाणं ऐकू आल्यासारखं. संपलं पुस्तक.

"पोचला का?"

लेक खुशीत म्हणाली, तेच तर, ते आपण ठरवायचं. मी सांगितलं, "ते वाचकावर सोडलंय."

"वाचकावर? पैसे बाईंनी घेतले ना?"

या मालिकेत आणखी तीन पुस्तकं आहेत, शेवटचं २०१२ सालचं. लेकीने तिन्ही लायब्ररीतून आणून टेबलावर ठेवली. आईचं परतीचं विमान तीन आठवड्यांनी आहे. काल भात वाढताना ती म्हणाली, "लवकर वाचा रे, माझा जीव टांगणीला लागलाय." मी शब्दशः भाषांतर केलं. आजीचा जीव टांगलेला आहे.

लेकीने क्षणभर विचार केला. "ओके," म्हणाली, "हे अचूक आहे."