३३ इंची टायर आम्ही तुमच्या थारला का बसवले नाहीत

नमस्कार दादा,

आमच्या टायरच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. १ स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. दोन तास गाडी उभी करून घेतली आणि शेवटी ‘बसवत नाही’ म्हणून परत पाठवलं, ही पहिली. पडून असलेला माल खपवायला लहान साईज गळ्यात मारत होते, ही दुसरी. आणि आमच्या पोरानं ‘दाखवायला पाहिजेत की चालवायला?’ असं विचारून अपमान केला, ही तिसरी. शेवटी लिहिलंय की दुसरीकडं अर्ध्या दिवसात काम झालं आणि गाडी झकास चालते. बेळगाव, खानापूर, चंदगडकडचे बरेच थारवाले आणि जिम्नीवाले हे वाचणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची गाडी फोर बाय फोर थार, कंपनीचे टायर २५५/६५ आर १८. तुम्हाला पाहिजे होते २० इंची अलॉय आणि त्यावर ३३ इंच उंच, साडेबारा इंच रुंद मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे टायर. सस्पेन्शन आहे तसंच, नग चारच, स्टेपनी जुनीच. वापर विचारला तेव्हा तुम्ही सांगितलंत की रोजचं चालणं गावात, अधूनमधून जांबोटीच्या आतल्या बाजूला शेतावर आणि पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोवा.

आता हिशेब बघा. २५५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साईडवॉलची (रिमपासून वरच्या बाजूच्या रबराची) उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १८ हा रिम इंचात. साईडवॉल झाली १६६ मिमी, पूर्ण टायरची उंची ७८९ मिमी. ३३ इंच म्हणजे ८३८ मिमी. टायर जवळपास ५० मिमीनं वाढला, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे इंचभर. आणि त्या ३३ इंचातले २० इंच रिमचे. उरलेल्या १३ इंचाचे दोन भाग केले की एका बाजूला साईडवॉल येते १६५ मिमी. कंपनीच्या टायरला जेवढं रबर आहे तेवढंच! वाढलेली सगळी उंची रिमनं खाल्ली. जांबोटी सोडून आत वळल्यावर उघडा जांभा, पावसानं धुऊन खोल झालेल्या चाकोऱ्या आणि मोऱ्यांचे फुटके कठडे लागतात. तिथं मार खायला रबर पाहिजे. रिमची कड दगडावर आपटली की अलॉय वाकतो नाहीतर तडकतो आणि ट्यूबलेसची हवा तिथंच जाते.

म्हणून आम्ही तुम्हाला १६ इंची रिमवर २६५/७५ आर १६ दाखवला. २०२० च्या नव्या थारचं साधं मॉडेल कंपनीनंच १६ इंची रिमवर, २४५/७५ आर १६ टायरसह काढलं होतं, त्यामुळं हा आमच्या मनचा जुगाड नव्हे. तरी तुमच्या गाडीवर एक रिम चढवून ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, तेवढं बघून घेतलं. या मापात टायरची उंची येते ८०४ मिमी, कंपनीपेक्षा दोन टक्क्यांच्या आत. साईडवॉल मात्र १९९ मिमी. म्हणजे बाजूला सव्वा इंचाच्या वर जास्त रबर मिळतं. तुम्ही त्याला ‘लहान साईज’ म्हटलंय. रिम लहान आहे, टायर तुमच्या जुन्या टायरपेक्षा मोठाच आहे.

दोन तास कशात गेले तेही सांगतो. तुमचं मन मोडायला नको म्हणून आधी ३३ इंचीच एक चाक ट्रायलला लावलं होतं. स्टेअरिंग पूर्ण डावीकडं फिरवल्यावर टायरचा खांदा आतल्या प्लास्टिकला आणि बंपरच्या मागच्या कोपऱ्याला टेकला. तेव्हा गाडी सपाट फरशीवर उभी होती. मग तेच चाक लाकडी ठोकळ्यावर चढवलं, म्हणजे शेताच्या बांधावर गाडी तिरकी झाल्यावर सस्पेन्शन जसं दबतं तसं. त्या अवस्थेत अर्धं स्टेअरिंगसुद्धा फिरेना. आमच्या पोरानं घासलेल्या जागी खडूनं खुणा करून तुम्हाला बोलावून दाखवल्या होत्या. लिफ्ट किट लावून गाडी उंच करणं, बंपर कापणं किंवा स्पेसर टाकून चाक बाहेर काढणं, एवढेच मार्ग उरले होते. पहिले दोन तुम्हाला नको होते, तिसरा आम्ही करत नाही. स्पेसर किंवा कमी ऑफसेटचा रिम लावला की चाक हबपासून लांब जातं, बेअरिंगवर आणि स्टेअरिंगच्या सांध्यांवर ताण वाढतो, खड्ड्यात स्टेअरिंग हाताला झटके देतं.

पण आम्ही नाही म्हणालो त्याचं सगळ्यात मोठं कारण स्टेपनी. ही गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. थारची फोर बाय फोर सिस्टीम पार्ट टाईम आहे. फोर हाय किंवा फोर लो टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी जखडले जातात, मधे फरक सोसायला डिफरन्शियल नसतो. चार चाकं ८३८ मिमीची आणि पंक्चर झालं म्हणून पाचवं ७८९ चं लावलं, तर ते लहान चाक प्रत्येक किलोमीटरला जास्त फेरे मारणार. निसरड्या चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. कातळावर किंवा डांबरीवर निघत नाही, तो ताण ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे दोन्ही ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत साठत जातो. पंक्चर होणार कुठं? जंगलाच्या वाटेवर, पावसात, नेमकी फोर बाय फोरची गरज असताना. पाच घ्या म्हटलं तर तुम्ही ‘मागच्या दाराला एवढं वजन नको’ म्हणालात. तेही बरोबरच आहे, ३३ इंची मड टायर आणि २० इंची रिमचं ओझं त्या दाराच्या बिजागऱ्यांवर जास्त येतं. मग माप बदलायलाच पाहिजे.

रुंदीबद्दल थोडं. आपल्या जिल्ह्यात माती एक नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तांबडी माती, वर चिखलाचा थर आणि खाली बऱ्याच ठिकाणी जांभा. तिथं अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला भिडतो. जुन्या जीपगाड्या ६.००-१६ च्या बारीक टायरवर या भागात वर्षानुवर्षं चालल्या, त्यामागं हेच आहे. बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी जमीन वेगळी. ती भिजली की खाली तळ लागत नाही आणि टायरला चिकटून त्याचा गोळा होतो. तिथं मोठ्या गाळ्यांचा (नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांचा), फिरता फिरता चिखल झाडून टाकणारा मड टायर कामाचा, आणि रुंदीचाही उपयोग होतो. तुमचं शेत काळ्या जमिनीत असतं तर मीसुद्धा मड टायरच सांगितला असता. साडेबारा इंच रुंद टायर तांबड्या चिखलावर तरंगतो, आणि उतारावर तरंगणारी गाडी जाईल तिकडं जाते.

आणि चोर्ला. जुलैमध्ये धुकं, पाण्याचे पाट, समोरून येणाऱ्या गाड्या. मड टायरच्या गाळ्यांमध्ये मोठ्या फटी असतात, त्यामुळं ओल्या डांबरीवर रबर कमी टेकतं आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. तुमचं बहुतेक चालणं डांबरीवर, म्हणून ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांसाठीचा टायर सांगितला.

मोठ्या टायरनं गिअरिंगही बदलतं. सहा टक्के मोठा टायर म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला. चढाला गाडी जड वाटते, क्लचवर ताण येतो. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना हिशेबानं वेग ८५ होतो. कंपनीचा काटा मुळात थोडा जास्त दाखवतो, त्यामुळं यातला काही फरक त्यात जिरेल, पण तुमच्या हातातला तो राखीव भाग जातो.

कायद्याचं एकच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा रोख असा की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत चालत नाही. बेळगावची गाडी एका दिवसात कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडं फिरते, तीन राज्यांचे पोलीस ती बघतात. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक लांबून दिसतं. अपघात झाला तर विमावालेही त्यावरच बोट ठेवतील.

माल खपवायचा आरोप मला लागला, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमची ऑर्डर जशीच्या तशी घेतली असती तर आमच्या गल्ल्यात बरेच जास्त पैसे आले असते. २० इंची अलॉय आणि ३३ इंची टायर यांच्यापुढं १६ इंची लोखंडी रिम आणि २६५ चे टायर खूप स्वस्त पडतात. दाखवलेल्या टायरच्या साईडवॉलवरचा चार आकडी कोडही तुम्हाला वाचून दाखवला होता. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माल ताजा होता.

‘दाखवायला की चालवायला’ हा प्रश्न आम्ही टायर वाढवायला आलेल्या प्रत्येकाला विचारतो. ज्यांना शोसाठी गाडी पाहिजे त्यांचा हिशेब वेगळा आणि त्यात कमीपणा काही नाही. तुम्हाला तो टोमणा वाटला याचं वाईट वाटलं. पोरगा मनानं चांगला आहे आणि त्याला या कामाची कळकळ आहे.

आता टायर बसलेच आहेत, तर एवढं करा. चाकाचे नट टॉर्क रेंचनं परत तपासून घ्या. नवे रिम बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर हे करावंच लागतं. टायरवरचा लोड इंडेक्स बघा. कंपनीच्या मापात तो साधारण १११ असतो, म्हणजे एका टायरला १०९० किलो. नव्या टायरचा त्याच्या खाली नको. पुढच्या चाकांमागं प्लास्टिकवर चकाकणारे पट्टे किंवा साईडवॉलवर ओरखडे दिसतात का, हात घालून बघा. ब्रेकचा पाईप आणि सेन्सरची वायरही बघा. जुनी स्टेपनी लावायची वेळ आली तर गाडी टू हायमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर ठेवून सावकाश गावात आणा. चिखलात हवा कमी करायची असेल तर २० इंची रिमवर फार खाली उतरू नका, आणि डांबरीवर येण्याआधी परत भरा. आतल्या गावांत हवा मिळेलच असं नाही, बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत असू दे.

जिम्नीवाल्यांचे पण फोन येतात म्हणून लिहितो: कंपनीचा १९५/८० आर १५, त्यावरून २१५/७५ आर १५ केला तर उंची दीड टक्काच वाढते. त्याच्या पुढं जायचं असेल तर आधी गाडी घेऊन या, ट्रायल लावून बघू.

दादा, स्टार तुम्ही आहे तेवढाच ठेवा, त्याबद्दल म्हणणं नाही. पण चोर्ल्याला जायच्या आधी एकदा गाडी घेऊन या. रॅम्पवर चढवून घासण्याच्या जागा, नट आणि बेअरिंगची ढिलाई बघतो. त्याचे पैसे घेणार नाही. सकाळी साडेनऊला दुकान उघडतं, दहाच्या आत आलात तर रॅम्प मोकळा असतो.