टक्क्यांची आरोळी

गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी जाहीर झाली, की ‘गावात गुन्हेगारी दुपटीने वाढली’ अशी आरोळी ठोकली जाते आणि मूळ आकडा किती होता, हे विचारण्याची तसदी कोणीही घेत नाही, याचा आता मनस्वी वीट आला आहे. छोट्या गावात गेल्या वर्षी 3 घरफोड्या झाल्या आणि यंदा 6, तर ती 100 टक्के वाढच ठरते. एकाच टोळीने एका रात्रीत तीन जादा घरे फोडली तरी हा चमत्कार घडतो. शिवाय घडलेला गुन्हा आणि नोंदलेला गुन्हा यांत बरेच अंतर असते. सायकल चोरीला गेलेला माणूस बहुधा ठाण्याची पायरी चढत नाही; विमा उतरवलेल्या मोटारीचा मालक मात्र चढतो, कारण भरपाईसाठी त्याला तक्रारीची प्रत लागते. घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या, तर हिंसाचार वाढला असेल किंवा तक्रार करण्याचे धैर्य वाढले असेल. आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो. आणि नोंदच टाळणाऱ्या ठाण्याची हद्द, अर्थातच, कागदावर सर्वांत सुरक्षित! इतके समजावल्यावरही समोरचा शांतपणे विचारतो, ‘म्हणजे वाढली ना?’