कडा ओला आहे

शाळेत आपण सगळ्यांनी एकच डोंगर काढलेला असतो. दोन त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि आभाळात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. निवृत्तीनंतर तेलरंगांच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा तो त्रिकोण माझ्या मनगटात पुरता मुरलेला होता.

"काका, सह्याद्रीत एक त्रिकोण दाखवा मला," सर म्हणाले. सर वयाने माझ्या मुलाएवढे, पण मुद्दा बरोबर होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, म्हणून आपल्या डोंगरांचे माथे सपाट आणि अंगावर आडवे पट्टे. यूट्यूबवरचे गोरे गुरुजी मात्र रंग लावायच्या सुरीने, म्हणजे पॅलेट नाइफने, पांढरा रंग एकदा फासतात की शिखर तयार. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मी बर्फ कुठून आणू?

बरं, कातळ काळा, म्हणून काळी ट्यूब विकत घेतली, तर ती सरांनी पहिल्याच दिवशी जप्त केली. "काळ्याने चित्र मरतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळा." मिसळलं. कधी जांभळं झालं, कधी शेणाचं. हवं ते काळं फक्त माझ्या शर्टावर उमटलं.

घरची आघाडी वेगळीच. रंगात घालायचं लिनसीड म्हणजे जवसाचं तेल, हे कळताच ही म्हणाली, "एवढ्याशा बाटलीला एवढे पैसे? माझ्या माहेरी जवसाची चटणी पानात फुकट वाढतात." त्यात मी उत्साहाने वाचून दाखवलं की या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. तेव्हापासून आमच्या बाल्कनीत दोरीवर एकेक चिंधी सुटी वाळत असते आणि समोरच्या बिल्डिंगमधले लोक आमच्याकडे जरा सहानुभूतीने बघतात.

चित्र वाळण्याबद्दल तर बोलूच नये. जलरंगातलं पाणी उडून जातं; तेल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. अंबर त्यातल्या त्यात समजूतदार, लवकर वाळतो. टायटॅनियम व्हाइट सरकारी फाइलच्या चालीने. आणि लाटांचा फेस सगळा त्याच्यातच.

तरी समुद्राकाठचा कडा जागेवर बसूनच रंगवायचा, असं सरांचं म्हणणं. धीर म्हणून त्यांनी फ्रेंच चित्रकार मोनेची गोष्ट सांगितली. १८८५ साली फ्रान्समध्ये एत्रताच्या कड्याखाली तो रंगवत बसला होता. भरतीचा अंदाज चुकला, लाटेने त्याला कड्यावर आपटलं, इझल, म्हणजे चित्राची घोडी, आणि चित्र ओढून नेलं आणि दाढी निळीपिवळी झाली. यातून धीर कसा घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.

मी हरिहरेश्वर निवडलं. तिथे भरतीला प्रदक्षिणेची वाट बंदच असते, त्यामुळे मोने होण्याची भीती कमी. लाट आली नाही, माणसं आली. "एका चित्राचे किती घेता?" "आमचा बंटी पण काढतो, दुसरीत आहे." "मोबाइलवर फोटो का नाही काढत?" एका आजोबांनी बराच वेळ बघून विचारलं, "म्हैस का?" वाऱ्याने वाळू आणून कॅनव्हासवर चिकटवली. सर तिला टेक्श्चर म्हणाले असते.

परतताना एसटीला तोबा गर्दी. ओला कॅनव्हास मी दोन्ही हातांनी छातीपासून लांब धरला होता आणि ही दर थांब्याला ओरडत होती, "अहो सांभाळून, कडा ओला आहे!" कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडायची धमकी दिली. माणगावच्या अलीकडे एक जोराचा ब्रेक लागला आणि पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ माझ्या अंगावर आले. सावरल्यावर ते निरखून बघत म्हणाले, "हा हरिहरेश्वरचा कडा ना? जरा उलटा आलाय, पण तोच."

मला भरून आलं. चित्र ओळखणारा पहिला माणूस! आभार मानायला मान वर केली, तर ते स्वतःची बाही बघत होते.